पदवीनंतरचा हंगाम

नाशिकच्या एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा जानेवारीतला एक दिवस

पहाटे ५:३०

जानेवारीत आमच्या जिल्ह्याची सकाळ निफाडच्या आकड्याने सुरू होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर रात्री पारा किती उतरला, हे उजाडायच्या आत शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असते. द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास थंडी वाढली तर फुगवण थांबते, पांढऱ्या जातींचे मणी गुलाबी पडू लागतात, काही ठिकाणी मण्यांना तडे जातात. म्हणून या दिवसांत बागायतदार पहाटेच ठिबक सुरू करतात, बांधावर शेकोट्या पेटवतात.

चहा उकळेपर्यंत मी रात्री आलेले फोटो पाहते. मोहाडीहून घडाच्या देठावरची पांढुरकी पूड, दावचवाडीहून पानाची मागची बाजू. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: मॅडम, ही भुरीच ना? फोटोवरून अंदाज सांगता येतो, खात्री देता येत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन आज बागेतच जायचे ठरले आहे. नमुने ऊन चढायच्या आत घेतलेले बरे, म्हणून सहाला निघायचे.

सकाळी ६:४५

मुंबई-आग्रा महामार्गावर ओझर मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव सुरू होतात. आज ज्या बागेत आलो, तिच्या मालकांना सगळे नाना म्हणतात. काढणीला अजून महिनाभराहून थोडा जास्त अवकाश आहे आणि माल युरोपला जायचा आहे. भुरी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, नेमकी अशा वेळी येते. ढगाळ, थंड हवेत, दाट पानांच्या सावलीत ती झपाट्याने पसरते, आणि आता रासायनिक फवारणी करायची तर पीएचआय मोजावा लागतो. फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, हा तो हिशोब. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी, ज्याला इथे सगळे अनेक्शर-५ म्हणतात, नानांच्या शेडमध्ये भिंतीवर चिकटवलेली आहे.

ही शिस्त आली त्यामागे मोठी झळ आहे. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, म्हणजे सीसीसीचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे युरोपात आढळले आणि निर्यात अडकली. त्या वर्षीचे नुकसान निफाड-दिंडोरीतली घरे अजून सांगतात. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची ग्रेपनेटवर नोंद असते, काढणीआधी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल आल्याशिवाय माल हलत नाही.

मुले वाकून नमुने घेत होती, तेवढ्यात नाना एक पाकीट घेऊन आले. आतमध्ये ॲम्पेलोमायसिस होते. भुरीच्या बुरशीच्या अंगात शिरून तिच्यावर जगणारी ही दुसरी बुरशी. तिचे रासायनिक अंश फळावर राहत नाहीत, त्यामुळे काढणीच्या तोंडावर ती उपयोगी पडते. मात्र तिला हवेत ओल लागते, काम करायला दिवस लागतात आणि रोग हाताबाहेर गेल्यावर ती पुरी पडत नाही.

"मॅडम, हे जिवंत असतं म्हणता. म्हणजे विरजणासारखं?"

"हो नाना. जिवंत असेल तरच काम करेल."

"मग पाकिटावर लिहिलंय तेवढं आत जिवंत आहे, हे मी कसं ओळखायचं?"

मी मुलांकडे पाहिले. एकीने वही काढून तो प्रश्न लिहून घेतला होता. नाशिकमध्ये जैवतंत्रज्ञानाचा उद्योग उभा राहायचा असेल तर तो या प्रश्नाच्या उत्तरातून उभा राहील, असे मला मनापासून वाटते. इथे ग्राहक आहे, त्याची गरज खरी आहे, योग्य मालाला पैसे मोजायची त्याची तयारी आहे. त्याला विश्वास हवा आहे. तो विश्वास प्रयोगशाळेत मोजून मिळतो आणि मोजणारी माणसे आम्ही दर वर्षी तयार करतो.

सकाळी ९:००

बागेतली माती बुटांना तशीच ठेवून तिसऱ्या वर्षाचा तास घेतला. या जिल्ह्यात जीवशास्त्र शिकायच्या वाटा पुष्कळ आहेत. के. के. वाघ संस्थेचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी जोडलेले आहे. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ पासून, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ पासून शिक्षणाच्या कामात आहे आणि दोन्हींच्या महाविद्यालयांत विज्ञानाची मोठी परंपरा आहे. मुक्त विद्यापीठ १९८९ चे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे, दोन्हींची मुख्यालये नाशिकला. संशोधन केंद्रेही हाताशी आहेत: पिंपळगावला द्राक्षाचे, कुंदेवाडीला गव्हाचे, चितेगाव फाट्यावर कांद्याचे.

आजचा विषय होता, शोध आणि धंदा यांची गाठ कशी पडते. बंगळुरूच्या बायोकॉनची गोष्ट सांगितली. १९७८ मध्ये किरण मजुमदार यांनी गॅरेजमधून सुरुवात केली तेव्हा इन्सुलिन नव्हते. कच्च्या पपईच्या चिकातून मिळणारे पपेन हे त्यांच्या पहिल्या उत्पादनांपैकी एक होते. मग आपल्याकडची उदाहरणे घेतली. जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली, ती संकरित बियाण्यांच्या जोरावर. जळगावला जैन उद्योगाने ऊतिसंवर्धित केळी रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली. सगळी बाग एकसारखी वाढते आणि माल जवळजवळ एकदम तयार होतो, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले, म्हणून तो रोपाला जास्त पैसे द्यायला तयार झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस यांनी बांबूला काचेच्या बाटलीतच फुले आणली. बांबू कित्येक वर्षांतून एकदा फुलतो. त्यांचे हे काम १९९० मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले.

"मॅडम, बांबूच्या त्या कामातून कंपनी निघाली का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

प्रश्न योग्य होता. मी म्हटले की चांगले विज्ञान आणि चालणारा उद्योग या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विज्ञानाला निष्कर्ष लागतो. उद्योगाला तोच निष्कर्ष दर आठवड्याला, दर घाण्याला, त्याच दर्जाने आणि परवडेल अशा किमतीत पुन्हा पुन्हा यावा लागतो. तो पुन्हा पुन्हा आणण्याचा अभ्यास आपल्या अभ्यासक्रमात सर्वांत कमी आहे.

कृषी शिक्षणाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. २०१५ मध्ये 'स्टुडंट रेडी' कार्यक्रम सुरू झाला आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात अनुभवाधारित शिक्षण, कारखान्यातले प्रशिक्षण आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रकल्प आला. मुले उत्पादन करतात, विकतात, हिशोब मांडतात. हे चांगलेच झाले. फक्त सत्र चार-पाच महिन्यांत संपते, आणि द्राक्षाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो.

सकाळी ११:००

आज ज्यांची वाट पाहत होतो, त्या प्लेट्स उष्मायन कपाटातून बाहेर आल्या. चौथ्या वर्षाच्या दोघी आणि एक मुलगा बॅसिलस सबटिलिसच्या एका वाणावर काम करत आहेत. निफाड तालुक्यातल्या जुन्या बागेतल्या पानांवरून त्यांनी तो वेगळा केला. काचेच्या प्लेटमध्ये तो बुरशीला जवळ येऊ देत नाही. आता प्रश्न आहे तो भुकटीच्या पाकिटात किती काळ टिकतो याचा.

बॅसिलस आम्ही विचार करूनच निवडला. स्यूडोमोनास हाही उपयोगी जिवाणू आहे, पण त्याला बीजाणू होत नाहीत, म्हणून उष्णतेत आणि कोरडेपणात तो लवकर मरतो. बॅसिलस अडचणीच्या काळात बीजाणू करून बसतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात पाकिटे कशी तापतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या निवडीचे महत्त्व सांगावे लागत नाही.

मोजणीची पद्धत साधी आहे, पण हात स्वच्छ आणि मन शांत लागते. एक ग्रॅम भुकटी निर्जंतुक पाण्यात, मग दहा-दहा पटींनी पातळ करत जायचे. प्लेटवर ३० ते ३०० वसाहती आल्या तर मोजणी ग्राह्य. ट्रायकोडर्मा असेल तर रोझ बेंगॉल घातलेले माध्यम लागते, नाहीतर बुरशी सगळी प्लेट व्यापते आणि वसाहती वेगळ्या दिसत नाहीत. नोंदणीसाठीचे आकडे मुलांना पाठ आहेत: अशा जिवाणूंसाठी ग्रॅममागे किमान १० कोटी, ट्रायकोडर्मासारख्या बुरशीसाठी किमान २० लाख, इतर सूक्ष्मजीवांची भेसळ १० हजारांच्या आत, साल्मोनेला-शिगेला अजिबात नाही, बुरशीच्या भुकटीतला ओलावा जास्तीत जास्त ८ टक्के.

आजच्या प्लेट्स चांगल्या आल्या. वसाहतींचा आकार सारखा, भेसळ दिसत नव्हती. मुले खूश झाली. मग त्यांच्यातल्या एकीने दिनदर्शिका पुढे केली. टिकाऊपणाची चाचणी पूर्ण व्हायला पुढचा जानेवारी उजाडेल. त्यांची परीक्षा जूनच्या आत संपलेली असेल.

आमच्या क्षेत्राची खरी गाठ इथे आहे. चांगला वाण सापडतो, चांगली मुले असतात, निकाल आशादायक येतो. पदवी मिळाली की मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातात आणि नळ्या शीतकपाटात राहतात. पुढच्या तुकडीला विषय पहिल्यापासून समजावा लागतो. जैविक कीडनाशकाची पूर्ण नोंदणी करायची तर एकापेक्षा जास्त ठिकाणी, एकापेक्षा जास्त हंगामांत परिणाम दाखवावा लागतो. सुरक्षिततेच्या चाचण्या कराव्या लागतात. मूळ वाण राष्ट्रीय संग्रहात ठेवावा लागतो. १९६८ चा कीटकनाशक कायदा हे मागतो, आणि मागतो ते योग्यच आहे, कारण हा माल लोक खातात त्या फळावर फवारला जातो. पण या सगळ्याला दोन-तीन वर्षे लागतात. ती वर्षे आज कोणाच्याच हिशोबात नाहीत. विद्यापीठाच्या दृष्टीने मुलगा उत्तीर्ण झालेला असतो आणि उद्योगाच्या दृष्टीने माल अजून तयार नसतो.

दुपारी १:१५

डबा उघडला आणि एका विद्यार्थिनीचे वडील भेटायला आले. पेठ तालुक्यातून दोन गाड्या बदलून आले होते. घरी भात, नागली, पावसावरची थोडी शेती. मुलगी त्यांच्या घरातली पहिली पदवीधर होणार.

"मॅडम, पोरीला हैदराबादच्या लशीच्या कंपनीचं बोलावणं आलंय. ती म्हणते इथंच थांबते, तुमच्याबरोबर ते औषध पुरं करते. तुम्ही सांगा, काय करावं?"

प्लेट्स घेऊन मघाशी दिनदर्शिका दाखवणारी मुलगी हीच. तिच्यासारखे हात मी फार थोड्या मुलांचे पाहिले आहेत. ती थांबली तर काम पुढे जाईल, हे मला माहीत आहे. तरी मी त्यांना तसे सांगितले नाही. शिक्षणाचे कर्ज आहे, धाकटा भाऊ बारावीला आहे. अशा घरातल्या मुलीने बिनपगारी थांबावे असे म्हणणे म्हणजे आमच्या व्यवस्थेची उणीव तिच्या डोक्यावर ठेवणे.

मी त्यांना दोन्ही वाटा नीट समजावल्या. हैदराबादला पगार आहे, मोठ्या कारखान्यातली शिस्त शिकायला मिळेल आणि तिथला अनुभव घेऊन ती पाच वर्षांनी परत आली तरी जिल्ह्याचा फायदाच आहे. इथे थांबायचे तर आधी पाठ्यवृत्ती हातात हवी. केंद्र सरकारच्या बायरॅकची ई-युवा योजना अशा मुलांसाठीच आहे, ती मान्यताप्राप्त केंद्रामार्फत मिळते. तिचा अर्ज आम्ही करू. निकाल येईपर्यंत कंपनीला नाही कळवू नका, रुजू व्हायची तारीख थोडी पुढे मागून पाहा.

ते म्हणाले, "पैशाचं जमलं तर राहू द्या तिला. गावात आंबा-काजूला काय काय रोग येतात, तेही बघंल ती."

हुशार मुले जिल्हा सोडतात म्हणून आपण हळहळतो. थांबायला जागा आणि महिन्याचा खर्च दिला, तर थांबणारी मुले घरोघरी आहेत.

दुपारी ३:००

अंबड औद्योगिक वसाहतीत एका माजी विद्यार्थ्याच्या गाळ्यावर गेले. पदवीनंतर काही वर्षे त्याने पुण्यात एका कंपनीत गुणवत्ता विभागात काम केले, मग परत आला. गाळ्यात एक छोटा फर्मेंटर, दोन ऑटोक्लेव्ह, भरणीचे यंत्र आणि काचेमागे मोजणीची खोली. द्रवरूप जैविक खते करतो: ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, पालाश उपलब्ध करणारे जिवाणू. जैविक खते २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. द्रवरूप मालात मिलिलिटरमागे किमान १० कोटी, भुकटीत ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. कीडनाशकापेक्षा ही वाट थोडी जवळची, म्हणून त्याने तिथून सुरुवात केली.

त्याची पहिली अडचण चंबूतून टाकीत जाण्याची होती. अडीचशे मिलिलिटरच्या चंबूत हलवत ठेवलेला जिवाणू छान वाढतो. टाकीत गेला की तळापर्यंत प्राणवायू पोचत नाही, फेस येतो, वाढणाऱ्या पेशींच्याच उष्णतेने टाकी तापते. चंबूतली कृती टाकीला चालत नाही, ती नव्याने बसवावी लागते. त्यासाठी मधल्या मापाची टाकी लागते आणि ती त्याच्याकडेही नव्हती, आमच्याकडेही नाही. त्याने थेट मोठी टाकी घेतली आणि शिकताना कितीतरी घाणे ओतून दिले. ते सगळे पैसे कर्जाचे होते.

दुसरी अडचण उधारीची. कृषी सेवा केंद्रात माल जातो तो हंगामाच्या सुरुवातीला, पैसे येतात द्राक्ष विकल्यावर. मधले महिने पगार, वीज आणि कच्चा माल मालकाने चालवायचा. मोठ्या कंपनीला हे पेलते. पहिल्या पिढीचा उद्योजक इथेच मोडतो. यातून त्याने काढलेली वाट मला आवडली. दुकानांऐवजी तो शेतकरी गटांना थेट माल देतो, मागणी आधी घेतो आणि ताजा घाणा करून आठ दिवसांत पोचवतो. जिवंत मालाला हेच योग्य आहे. दूरच्या राज्यातून महिनाभर ट्रक आणि गोदामातून फिरून आलेल्या पाकिटापेक्षा अंबडहून दिंडोरीला दुसऱ्या दिवशी पोचलेल्या बाटलीत जास्त पेशी जिवंत असतात. जवळ असणे हा इथल्या छोट्या उद्योगाचा मोठा फायदा आहे.

मोजणीच्या खोलीत आमच्याच दोन विद्यार्थिनी कामाला आहेत. प्रत्येक घाण्याचा क्रमांक, मोजणीची तारीख, आकडा त्या वहीत लिहितात. मी त्याला सुचवले की हा आकडा बाटलीवरही छाप. घाण्याचा क्रमांक टाकला की शेतकऱ्याला फोनवर प्लेटचा फोटो दिसेल अशी सोय कर. नानांच्या सकाळच्या प्रश्नाला ते सरळ उत्तर होईल. तो म्हणाला, "मॅडम, खर्च फार नाही. पुढच्या महिन्यापासून करतो."

दुपारी ४:४५

महाविद्यालयात बैठक होती. दोन शेतकरी उत्पादक कंपन्यांचे प्रतिनिधी, औद्योगिक वसाहतीतले तिघे, आम्ही शिक्षक. विषय एकच: सामाईक प्रयोगशाळा. दोनशे लिटरपर्यंतची टाकी, भुकटी करण्याचा स्प्रे ड्रायर, मोजणीची सोय आणि ती चालवणारे दोन कायम पगारी तंत्रज्ञ. तास-दराने भाडे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांसाठी वापरावी, छोट्या उद्योगांनी चाचणीसाठी, शेतकरी गटांनी विकत घेतलेला माल तपासण्यासाठी.

यंत्र देणगीत मिळते, तंत्रज्ञाचा पगार कोण देणार, हा प्रश्न लगेच आला. तो योग्यच होता. अनेक ठिकाणी यंत्रे माणसांवाचून झाकून पडतात. माझा प्रस्ताव असा होता की शेतकरी कंपन्यांनी तपासणीचे वार्षिक काम आगाऊ द्यावे. तेवढ्या कामावर तंत्रज्ञांचे पगार निघतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर २००७ पासून नवउद्योजकांना जागा, उपकरणे आणि मार्गदर्शन देते आहे. विज्ञानातल्या उद्योगाला असे छप्पर लागते, हे तिथे सिद्ध झाले आहे. आमचे विद्यार्थी तिथे जाऊन येतात, पण दर आठवड्याच्या नमुन्यासाठी पुणे लांब पडते.

मी त्यांना आल्मेरियाची हकीकत सांगितली. दक्षिण स्पेनमधला हा जिल्हा हरितगृहांतल्या भाज्या युरोपला विकतो. २००६ च्या अखेरीस तिथल्या ढोबळी मिरचीत बंदी असलेल्या कीटकनाशकाचे अंश जर्मनीत सापडले. आमच्या २०१० सारखाच तो धक्का होता. त्यानंतर अगदी थोड्या हंगामांत तिथले मिरची उत्पादक मोठ्या संख्येने मित्रकीटकांकडे वळले, कारण ते पुरवणारे उद्योग, सल्ला देणारे तंत्रज्ञ आणि ते शिकवणाऱ्या संस्था आधीपासून जवळ होत्या. त्या व्यवसायातली आज जगभर पसरलेली डच कंपनी कॉपर्ट १९६७ मध्ये एका काकडी उत्पादक शेतकऱ्याने सुरू केली होती. आपल्या काकडीवरचा लाल कोळी मारायला त्याला भक्षक कोळी हवे होते.

एका शेतकरी कंपनीच्या संचालकांनी विचारले, "म्हणजे २०१० नंतर आपण तपासणी शिकलो, पण माल बाहेरूनच घेत राहिलो, असंच ना?"

"बराचसा. तपासणीची शिस्त तुम्ही उभी केली, ती लहान गोष्ट नाही. आता उत्पादनाची उभी करायची आहे."

विंचूरच्या वाइन पार्कचा विषयही निघाला. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. वायनरी वाढल्या, पण आंबवण्याचे यीस्ट बहुतेक परदेशातून येते. नाशिकच्या द्राक्षांच्या सालीवर जंगली यीस्ट असतेच. त्यातले कोणते चालेल हे शोधायला पुन्हा काही हंगाम लागतील. तोही विषय यादीत घेतला. दोन्ही शेतकरी कंपन्यांनी तपासणीच्या कामाबद्दल आपापल्या संचालक मंडळापुढे ठराव मांडायचे कबूल केले. बैठकीतून हाती आलेले हे सर्वांत पक्के काम.

संध्याकाळी ७:००

प्रयोगशाळेत मुलांबरोबर अर्जाला बसलो. बायरॅकचे 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट', ज्याला सगळे बिग म्हणतात, १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मिळते. देशभरातून अर्ज येतात, स्पर्धा कडक असते. बॅसिलसवरच्या त्याच तिघांचा अर्ज माजी विद्यार्थ्याच्या कंपनीच्या नावे करायचे ठरले. तिघे पदवीनंतर त्या कंपनीचे संशोधक होतील, आम्ही मार्गदर्शक. मिळाले तर पेठच्या मुलीच्या वडिलांना द्यायचे उत्तर तयार असेल. तिचा ई-युवाचा अर्ज वेगळा केला, एकाच दारावर अवलंबून राहायचे नाही म्हणून.

पहिल्या मसुद्यात मुलांनी जैवतंत्रज्ञानाचे जागतिक महत्त्व लिहिले होते. ते मी काढायला लावले. "नानांचा प्रश्न लिहा. काढणीच्या महिन्यात कोणती फवारणी चालत नाही, ते लिहा. तुमचा वाण पत्र्याखालच्या गोदामात किती महिने टिकल्यावर शेतकरी तो विकत घेईल, ते लिहा. किंमत एकरी किती परवडते, ते नानांना विचारून लिहा." मुलाने तिथूनच फोन लावला. नानांनी आकडा सांगितला, शिवाय स्वतःच्या बागेतल्या चार ओळी चाचणीसाठी दोन हंगाम देतो म्हणाले. अर्जात त्यांचे संमतिपत्र जोडायचे ठरले.

जैवविविधता कायद्याचा परिच्छेदही लिहिला. २००२ च्या या कायद्याने जैविक संसाधनाचा व्यापारी वापर करण्याआधी राज्य मंडळाला कळवावे लागते. वाण ज्या गावच्या बागेतून आला, तिथल्या लोकांचा त्यावर हक्क आहे, हे मुलांना आत्ताच कळायला हवे. वाणाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहाकडे पाठवायची तारीख ठरली.

रात्री ९:३०

घरी आले, जेवले आणि दिवसाची टिपणे काढली. दिंडोरी तालुक्यातल्या अक्राळे औद्योगिक क्षेत्रात मोठी जैवऔषध गुंतवणूक येणार म्हणून जिल्ह्यात उत्साह आहे. मलाही आनंद आहे, आमच्या मुलांना घराजवळ नोकऱ्या मिळतील. पण मोठी कंपनी येते ती स्वतःचे ज्ञान आणि स्वतःची बाजारपेठ घेऊन. तिच्या भोवती इथली मुळे धरायची असतील तर इथल्या रोगांवर, इथल्या पिकांवर, इथल्या मुलांनी केलेले छोटे उद्योग लागतात. ते उभे करायला महाविद्यालयांची संख्या पुरेशी आहे, शेतकरी तयार आहे, कायदा स्पष्ट आहे. कमी आहेत ती पदवी आणि पहिल्या विक्रीमधली दोन-तीन वर्षे. त्या वर्षांचा पगार, टाकी आणि मोजणीची खोली कोणी द्यायची, हे विद्यापीठाने, उद्योगाने आणि शेतकरी कंपन्यांनी मिळून ठरवले पाहिजे. ज्ञान पदवी देऊन संपत नाही, ही जाणीव विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात एका ओळीने तरी दिसली पाहिजे.

उद्याची कामे लिहिली. तंत्रज्ञांच्या पगाराचा तीन वर्षांचा तक्ता करून दोन्ही शेतकरी कंपन्यांना पाठवायचा, त्यांच्या ठरावासोबत तो लागेल. प्राचार्यांकडे मागणी करायची की अशा प्रकल्पाच्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण झाल्यावरही दोन वर्षे प्रयोगशाळेचे ओळखपत्र चालू ठेवावे. त्याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. सुरुवात तिथून करता येईल.